सोसायटी ग्रुप : मागच्या कंपाउंडचा तरवड

ए-102 : सेक्रेटरीसाहेब, तरवडाच्या झुडपावर परत हिरव्या अळ्या. पार्किंगमध्ये काळे भुंगे घोंगावतायत, मुलं तिथेच खेळतात. रविवारी माळी आला की फवारून छाटून टाका. मागच्या मीटिंगलाही बोलले होते.

बी-304 : अगं, घटस्थापना तोंडावर आलीय. कळ्या शेंड्यालाच असतात. आत्ता कात्री लावली तर घटाला माळ कशाची घालायची?

ए-102 : काकू, माळ मंडईत मिळते.

बी-304 : दारात फुलं असताना विकत कशाला?

सी-201 : आधी ड्रिप बंद करा. पानं पिवळी पडलीत ती पाण्याने.

ए-401 : वहिनी, अळ्या फुलपाखराच्या आहेत. पान नीट बघा, अळी मधल्या शिरेला चिकटून पडलेली असते, बाजूने फिकट रेघ. चावत नाही. तरवड, टाकळा असल्याच झाडांवर जगते, तुमच्या तुळशीला तोंड लावणार नाही. खाल्लेल्या फांदीला परत पालवी फुटते.
भुंग्यांचं म्हणाल तर या फुलात मध नसतो, नुसते पराग, तेही परागकोशाच्या टोकावरच्या बारीक भोकातून निघतात. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हाच ते उडतात, तोच तो मोठा आवाज. हातात धरला नाही तर डंख मारत नाही. फुलांवर औषध मारलं तर भुंगे मरतील आणि शेंगाही धरणार नाहीत.

डी-103 : माझ्या जागेत परत पांढरी गाडी लागलीय.

सेक्रेटरी : सर, तो विषय इथे नको.

डी-103 : नको नको म्हणत दिवाळी येईल.

सी-201 : ड्रिप! लॉनच्याच लाइनवर तरवड जोडलाय. सांगलीची काळी माती पाणी धरून ठेवते, मूळ कुजतं. जतच्या कोरड्या माळरानावर त्याला कोण पाणी घालतं?

ए-102 : मग उपटून गेटकडे लावा.

ए-401 : सोटमूळ खोल गेलेलं असतं, वाढलेलं झाड हलवलं की सहसा जगत नाही. बियांपासून करा. चपट्या शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की काढा. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग बी टाकून रात्रभर ठेवायचं. फुगलेलं तेवढं पिशवीत अर्धा इंच खोल पेरा. न फुगलेलं सँडपेपरवर घासून परत भिजवा, टरफल फार कठीण असतं.

बी-105 : शेंगवर्गीय आहे ना? लॉनला नत्र तरी मिळेल.

ए-401 : नाही मिळत. हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी तरवडाच्या मुळांवर येत नाहीत.

सेक्रेटरी : रविवारी फवारणी नाही, कात्री नाही. शेंगा वाळल्यावर फेब्रुवारीत दोन फूट ठेवून छाटू.

ए-102 : ठीक आहे. पण पार्किंगकडे आलेल्या फांद्या तारेने मागे बांधून घ्या. मी बघणार आहे.

सी-201 : आणि ड्रिपचा कॉक कोण बंद करतंय?