फ्रान्सच्या खेड्यातला उन्हाळी दिवस: कुठे फिरलात, काय खाल्लंत?

पॅरिसबद्दल लिहून लिहून झालंय, इथे फक्त खेडी. जून ते ऑगस्टमधला एखादा दिवस, काय पाहिलं आणि काय हाणलं ते लिहा, फोटो नसले तरी चालेल.

सुरुवात मीच करते. नैऋत्य फ्रान्सच्या दोर्दोन्य भागातलं सार्ला. बुधवारी आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो, पिवळसर दगडी घरांमधल्या गल्ल्या नुसत्या गजबजलेल्या, स्ट्रॉबेऱ्या, अक्रोड, अक्रोडाचं तेल आणि जिकडे बघावं तिकडे बदक, डब्यात, बरणीत, ताटात. दुपारी बदकाचं कॉन्फी घेतलं, म्हणजे मिठात मुरवून बदकाच्याच चरबीत मंद आचेवर शिजवलेली तंगडी, वरून कुरकुरीत आणि काट्याने जरा ढकललं की मांस हाडावरून सुटतं, सोबत त्याच चरबीत परतलेले लसूण-पार्स्लीवाले बटाटे. खरं सांगू, परत गेले तर बटाट्यांसाठीच जाईन. मग लास्को, आदिमानवाच्या चित्रांची गुहा. मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, लोकांच्या श्वासानेच चित्रं खराब व्हायला लागली होती, आपण बघतो ती २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती. नकली काय बघायचं म्हणून नवऱ्याची कुरकुर चालली होती, आत गेल्यावर तोच बाहेर येईना.

*

आम्ही शाकाहारी, त्यामुळे बदक पास. लोआर भागात सकाळी शनाँसो बघितलं, शेर नदीच्या पुलावरच बांधलेला महाल, आणि जेवण नदीकाठी: ब्रेड, टोमॅटो, सेंत-मोर चीज. बकरीच्या दुधाचं, राख फासलेलं लांबट चीज, मधून आरपार गवताची काडी, ती आधी ओढून काढायची. हॉटेलात मात्र बकरीचं गरम चीज घातलेलं सॅलड सोडून फारसं काही मिळत नाही. आणि जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये बहुतेक वेळा प्राण्याचं रेनेट (दूध गोठवायला जनावराच्या जठरातून काढतात ते) असतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्या.

*

महत्त्वाचं कोणी लिहिलंच नाही. जेवण बारा ते दोन! एका गावात आम्ही सव्वादोनला पोचलो, टेबलं भरलेली, लोक कॉफी पीत बसलेले, तरी बाईंनी सरळ हात हलवून नाही म्हटलं, बेकरीलाही दुपारचं कुलूप. तेव्हा आधी जेवणाची जागा ठरवा आणि बघायचं ते तिच्या मागेपुढे बसवा, जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, काही बुडत नाही. पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणायचं, नळाचं येतं, फुकट.

*

प्रोव्हान्स, आईसोबत. सेनांकच्या मठासमोरचं लॅव्हेंडर बघायचं तर जूनअखेर ते जुलैचा मध्य, आणि सकाळी लवकर, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही. तिथून रूसियों, तिथल्या गेरूच्या टेकड्यांत आईचे पांढरे बूट लालेलाल झाले. म्हणाली, ह्यासाठी एवढं विमानाचं भाडं? हे तर देवगडला अंगणात आहे. पण बाजारात काव्हाय्योंच्या खरबुजांपाशी रमली. विकणारा आधी विचारतो, आज दुपारी खाणार का उद्या, आणि त्याप्रमाणे हुंगून देतो. आईने त्याच्या हातातलं बाजूला ठेवून स्वतः निवडलं. गोड निघालं, मग काय, दिवसभर तेच ऐकलं.

*

गाडी लागतेच का? ट्रेनने जमेल?

*

बोर्दोहून सार्लापर्यंत ट्रेन आहे, पुढच्या गावांना गाडीच बरी. चालवणाऱ्याने दुपारी वाईन घ्यायची नाही हे घरूनच ठरवून निघा, आमच्यात टेबलावर भांडण झालं.