आईच्या साठीला सोलच्या फॅन मीटिंगला जातोय, तिथलं कसं असतं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, नोकरी पुण्यात. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि येत्या नोव्हेंबरात तिला साठ पूर्ण होतायत. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही मायलेकींनी कोरियन मालिका बघायला सुरुवात केली, ती आजतागायत चालू आहे. बाबा गेले त्या वर्षी तर रात्री जेवणं उरकली की एकाच रजईत बसून दोन भाग बघायचो. दिवसभरात तेवढाच वेळ आई मोकळी हसायची. म्हणून साठीला पाटल्या-बांगड्या करण्यापेक्षा तिला सोल दाखवायचं ठरवलं.

तिच्या लाडक्या नटाची फॅन मीटिंग, म्हणजे चाहत्यांना भेटायचा कार्यक्रम, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. विक्री तिकडच्या रात्री आठला, म्हणजे आपल्या साडेचारला सुरू झाली. ऑफिसात कोपरा धरून बसले होते, दोन तिकिटं मिळाली. आता धाकधूक वाटतेय. सगळा कार्यक्रम कोरियनमध्ये असणार, आईला काय कळेल? साठीची बाई सगळ्या विशीतल्या मुलींमध्ये अवघडून तर जाणार नाही ना? शिवाय ती पक्की शाकाहारी, अंडंही नाही. कार्यक्रम धरून हातात सहा दिवस आहेत. मालिकांतल्या कुठल्या जागा तिला झेपतील? गुडघ्याचा थोडा त्रास आहे. कोणी प्रत्यक्ष जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

भटका_पुणेकर

मी फॅन मीटिंगला गेलेलो नाही, पण बायकोबरोबर सोल-बुसान केलंय. व्हिसाचं तेवढं सांगतो. भारतीय पासपोर्टला कोरियाचा व्हिसा इथूनच काढून जावं लागतं. के-इटा या ऑनलाइन प्रवेश परवान्याबद्दल नेटवर जे वाचाल ते व्हिसामुक्त देशांतल्या लोकांसाठी आहे, त्यात पैसे घालवू नका. बँकेचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र हे सगळं आधी तयार ठेवा. आईंचा खर्च तुम्ही करणार असाल तर नातं दाखवणारा कागद, तुमचं पत्र आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचा कागद सोबत जोडा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं परत न मिळणारं तिकीट काढू नका. पोचल्यावर रस्ते शोधायला नेव्हर मॅप हे अ‍ॅप वापरा, तिथले बरेच लोक तेच वापरतात.

सुवॉनवासी

कृष्णाकाठची, तुमचा धागा वाचला आणि लगेच लिहायला बसले. मी सात वर्षं सुवॉनला आहे, सोलच्या दक्षिणेला, लोकलने तासाभराच्या अंतरावर. गेल्या वर्षी याच दिवसांत माझी आई आली होती आणि मी तिला अशाच एका फॅन मीटिंगला नेलं. बासष्ट वर्षांची, पेणजवळच्या गावातली, घरची भातशेती. तिला कोरियन सोडा, हिंदीही बेताचीच येते. तरी सांगते, आईला नक्की न्या.

पहिलं म्हणजे तिकिटावरचं नाव आज रात्रीच तपासा. ही चूक माझ्याकडून झाली होती. आपल्या बायकांच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि पुढे नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं. मी तिकीट काढताना नुसतं आईचं नाव आणि आडनाव टाकलं. परदेशी पाहुण्यांची तिकिटं खिडकीवर पासपोर्ट दाखवून घ्यायची असतात. तिथल्या मुलीने पासपोर्ट बघितला, यादी बघितली, पुन्हा पासपोर्ट बघितला आणि वरिष्ठांना बोलावून आणलं. तिकीट मिळालं, पण वीस मिनिटं आई माझा दंड धरून उभी होती. माझ्यामुळे तिला परत फिरावं लागलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. तुमचं नाव चुकलं असेल तर विक्रेत्याला आत्ताच कळवून ठेवा. मूळ पासपोर्ट जवळ हवाच, झेरॉक्स चालत नाही.

शनिवारी दोन तास आधी पोचा. बसायची घाई म्हणून नाही, दाराबाहेरचं बघण्यासाठी. आमचा कार्यक्रम एका विद्यापीठाच्या सभागृहात होता. आत शिरल्या शिरल्या भिंतीला लागून तांदळाच्या पिशव्यांची चळत होती. प्रत्येक चळतीवर नटाचा फोटो आणि रंगीत रेशमी फिती, फितींवर त्या त्या देशाच्या चाहत्यांची नावं. इथे कौतुक म्हणून फुलांच्या मोठ्या चक्रांऐवजी तांदूळ पाठवायची पद्धत पडली आहे. फुलं दोन दिवसांत सुकतात, तांदूळ कार्यक्रमानंतर गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्थेला जातो. मी आईला हे सांगितलं तशी ती फोटो काढणाऱ्या मुलींमधून वाट काढत थेट पिशव्यांपाशी गेली. खाली वाकून एका पिशवीचा कोपरा चिमटीत धरला, आतला दाणा बोटांनी चोळून पाहिला आणि म्हणाली, "आखूड आहे, चिकट होत असणार. पण तांदूळ जुना नाही." मग पिशवीला हात लावून तो कपाळाला लावला, घरी कणगीपाशी लावते तसाच. तिथून पुढे ती त्या हॉलमध्ये परकी राहिली नाही.

वयाची काळजी तर सोडूनच द्या. 'विंटर सोनाटा' ही मालिका २००२ मध्ये इथे आली, दुसऱ्या वर्षी जपानच्या एनएचकेवर लागली, आणि तिकडे ती डोक्यावर घेतली ती प्रामुख्याने मध्यमवयीन बायकांनी. त्या पिढीतल्या कितीतरी जणी अजूनही विमानाने येतात. आईच्या शेजारी ओसाकाहून आलेल्या एक बाई होत्या, सत्तरीच्या असतील. त्यांनी आईच्या हातात छोटी पुडी ठेवली, आत दोन गोळ्या आणि नटाचं चित्र. अशा पुड्या घरून करून आणायच्या आणि अनोळखी चाहत्यांना वाटायच्या, याला इथे 'नानुम' म्हणतात, म्हणजे वाटून घेणं. आईने पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून दिली. तुम्ही जाताना चिक्कीच्या छोट्या पुड्या करून न्या, आईंना देता येतील. नटासाठी मात्र वस्तू नेऊ नका. बऱ्याच कंपन्या भेटवस्तू घेत नाहीत, हाताने लिहिलेली पत्रं तेवढी घेतात, त्यासाठी दाराशी पेटी असते. आईंना मराठीतच लिहू द्या. खाली कोरियन अनुवाद मी करून देईन, इथेच निरोप टाका.

आत काय होतं? एक सूत्रसंचालक असतो. गप्पा होतात, मालिकेच्या चित्रीकरणाच्या आठवणी निघतात, खेळ असतात, खुर्ची क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढतात, नट एक-दोन गाणी म्हणतो. सोलच्या कार्यक्रमात भाषांतर असेलच असं धरून चालू नका, आमच्या वेळी नव्हतं. मी सुरुवातीला आईच्या कानात सांगत होते, तिने मला गप्प केलं. चेहरा बघून कळतंय म्हणाली. पाचशे तास ज्याचा चेहरा बघितला त्याचं हसू खरं की ओढून आणलेलं, हे तिला माझ्याआधी कळत होतं. फोन मात्र पिशवीतच ठेवायला सांगा. मध्ये फोटो काढलेला अजिबात चालत नाही, शेवटी वेगळी वेळ देतात. खुर्चीवर एक छापील कागदी पट्टी ठेवलेली असेल, ती नीट जपा. ठरलेल्या गाण्याला सगळं सभागृह ती एकदम वर धरतं. आमच्या पट्टीवर लिहिलं होतं, "तू जिथे असशील तिथे आम्ही येऊ."

तिकिटाच्या माहितीत 'हाय-बाय' असं लिहिलंय का ते बघा. म्हणजे कार्यक्रम संपल्यावर नट बाहेरच्या वाटेवर उभा राहतो आणि सगळे रांगेने त्याच्या समोरून जातात. थांबायचं नाही, हात लावायचा नाही, जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. आईला मी आठवडाभर एकच वाक्य शिकवलं होतं: "बाप मॉगॉस्सॉयो?" बाप म्हणजे भात, आणि भात म्हणजेच जेवण. वाक्याचा अर्थ, जेवलात का? इथे भेटल्यावर अजूनही असंच विचारतात, अगदी आपल्या गावाकडच्यासारखं. आईची पाळी आली, तिने हात जोडले आणि खणखणीत आवाजात विचारलं. तो आधीच्या सगळ्यांकडे हसून मान हलवत होता. तिच्यापाशी तो थबकला, कमरेत पूर्ण वाकला आणि म्हणाला, "ने, मॉगॉस्सॉयो." हो, जेवलो. मागून कर्मचारी पुढे चला म्हणत होते. बाहेर आल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाळलाय गं. जेवला असं नुसतं म्हणाला."

जागांचं म्हणाल तर सहा दिवसांत सगळा देश पालथा घालू नका. ग्यॉंगबोकगुंग राजवाडा घ्या, मंगळवारी बंद असतो. हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालून गेलात तर प्रवेश फुकट, आणि आजूबाजूला हानबोक भाड्याने मिळतात. आईंनी नेसावा, फार सुंदर दिसतो आणि घेरदार असल्याने चालताना त्रास होत नाही. तिथे 'सोजुबांग' म्हणजे राजाचं स्वयंपाकघर आहे, २०१५ पासून लोकांना बघता येतं. 'दे जांग गम' मालिकेतली जांगगम स्वयंपाक जिथे शिकली ते असं स्वयंपाकघर. ती मालिका २००६ मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून लागायची, आईंना विचारा, आठवत असेल.

आणि एक दिवस सुवॉनसाठी ठेवा. माझं गाव म्हणून सांगत नाहीये. इथल्या ह्वासॉंग हेंगगुंग वाड्यात 'दे जांग गम'चं चित्रीकरण झालंय. शेजारच्या हेंगगुंग-डोंगच्या गल्लीत 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू'मधलं वडिलांचं किंबापचं (शैवालात गुंडाळलेल्या भाताचं) दुकान आहे, प्रत्यक्षात ते जपानी खाणावळीचं दुकान. पण मला तुमच्या आईंना दाखवायचंय ते वेगळंच. १७९५ मध्ये राजा जॉंगजो आपल्या आईला सोलहून मिरवत इथे घेऊन आला आणि या वाड्यातल्या बोंगसुदांग नावाच्या दालनात तिच्या साठीची मेजवानी केली. जाणं-येणं धरून आठ दिवसांचा सोहळा होता, त्याची चित्रं आणि हिशेब अजून जपून ठेवलेत. 'द रेड स्लीव्ह' बघितली असेल तर हा तोच राजा.

मोगरा

सुवॉनवासी, तांदळाचं वाचून डोळे भरले.

नामी बेटाचं मी सांगते, मी दोनदा गेलेय. सोलहून गाप्यॉंगपर्यंत रेल्वे, मग धक्क्यापर्यंत बस किंवा टॅक्सी आणि पाच मिनिटांची बोट. 'विंटर सोनाटा'तल्या मेटासेक्वोयाच्या झाडांची ती सरळ वाट सपाट आहे, गुडघ्याला काही होत नाही. नोव्हेंबरात ही झाडं विटकरी रंगाची होतात. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी गाठा, अकरानंतर त्या वाटेवर रेटारेटी होते.

एक विनंती मात्र मनापासून. चित्रीकरणाच्या जागा म्हणजे लोकांची घरं असतात. 'होमटाउन चा-चा-चा' चालू असताना तिचं चित्रीकरण झालेल्या पोहांगला इतकी गर्दी लोटली की घरमालकांना त्रास होतो, कृपया घरांपाशी जाऊ नका, असं निर्मात्यांनाच सांगावं लागलं. सोलच्या बुकचॉन वस्तीत तर आता सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच वेळ आहे, त्याबाहेर ठरावीक भागात फिरताना सापडलात तर एक लाख वॉन दंड. तिथे कोणीतरी बाळाला झोपवत असतं, कोणाकडे आजारी माणूस असतं. आवाज खाली ठेवून पुढे व्हा.

कृष्णाकाठची

किती आभार मानू! तिकिटावर नाव चुकलेलंच होतं, आईच्या नावापुढे बाबांचं नाव नव्हतं. काल मेल केला, आज दुरुस्ती झाल्याचं उत्तर आलं. सुवॉनवासी, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हीही खिडकीपाशी अशाच अडकलो असतो.

आईला सगळा धागा वाचून दाखवला. बोंगसुदांगचं ऐकून तिने कॅलेंडरवर रविवारपुढे 'सुवॉन' असं लिहून ठेवलंय. आणि पोळ्या लाटताना "बाप मॉगॉस्सॉयो" चाललंय. तिचा प्रश्न आहे, मोठ्या माणसाला विचारायचं तर हेच चालतं का? आणि जेवणाचं तेवढं राहिलं.

सुवॉनवासी

आईंना म्हणावं, शिक्षिका शोभता. मोठ्यांना "शिक्सा हाश्यॉस्सॉयो?" विचारायचं. नटाला पहिलंच विचारा, तो लेकाच्या वयाचा आहे.

जेवणाचं नीट लक्षात घ्या. "कोगी प्पेगो जुसेयो" म्हणजे मांस वगळून द्या. पण इथे मासळीला लोक 'कोगी'मध्ये धरत नाहीत, त्यामुळे एवढ्याने भागत नाही. किमचीत, म्हणजे आंबवलेल्या भाजीत, बहुतेक वेळा मासळीचं किंवा कोळंबीचं खारवण असतं, सूपही सुकटीच्या पाण्यात केलेलं असतं. आईंसाठी बिबिंबाप (भाज्या घालून कालवायचा भात) अंडं आणि मांस काढून, भोपळ्याची 'होबाकजुक' नावाची गोडसर पेज, रस्त्यावर भाजलेली रताळी आणि चेस्टनट. एक जेवण सोलमध्ये जोग्येसा बौद्ध मंदिराच्या परिसरात घ्या. तिथे मठाच्या पद्धतीचं जेवण मिळतं, त्यात मांस-मासे नसतातच, कांदा-लसूणही नसतो. माझी आई म्हणाली, चातुर्मासातलं ताट वाटतंय.

रविवारी नऊपर्यंत सोलहून एक नंबरची लोकल पकडा, मी सुवॉन स्टेशनवर घ्यायला येते. त्या दिवशी बाहेर जेवायचं नाही. पुरण मी शनिवारी रात्रीच वाटून ठेवते. इथे कटाच्या आमटीला गोडा मसाला मिळत नाही, तेवढी एक पुडी आईंच्या हातची घेऊन या.