डिजिटल ऑसिलोस्कोपवरील विचित्र तरंग: दोष पडद्याचा की फर्मवेअरचा?

प्रश्न: माझ्या दोन चॅनेलच्या ऑसिलोस्कोपला (विद्युत संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाला) १ मेगाहर्ट्झचा साइन तरंग दिला असता १० मिलिसेकंद प्रतिविभाग या टाइमबेसवर (पडद्यावरील एका आडव्या विभागात किती वेळ दाखवायचा, त्या मांडणीवर) अगदी संथ, सरकणारा तरंग दिसतो, शिवाय पडद्यावर अधूनमधून आडवे पट्टे उमटतात. फर्मवेअर (उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअर) पुन्हा टाकावे का?

उत्तर: घाई करू नये. या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. पडद्यावर १० विभाग व मेमरी १ लाख नमुन्यांची असेल, तर १०० मिलिसेकंदांसाठी सॅम्पलिंगचा (संकेत ठरावीक अंतराने मोजून नमुने घेण्याचा) वेग सेकंदाला १० लाख नमुन्यांवर येतो, आणि तरंगाची वारंवारताही जवळजवळ तेवढीच असल्याने प्रत्येक नमुना तरंगाच्या साधारण त्याच बिंदूवर पडून खोटा संथ तरंग तयार होतो. याला एलियासिंग म्हणतात. टाइमबेस वेगवान करावा किंवा पीक डिटेक्ट (प्रत्येक नमुन्याच्या काळातील सर्वात मोठे व सर्वात लहान मूल्य टिपणारी पद्धत) चालू करावे. पीक डिटेक्टमध्ये संथ तरंगाऐवजी भरीव पट्टा दिसला, तर संथ तरंगाच्या तक्रारीपुरते उपकरण निर्दोष आहे.

दुसरे उत्तर: पडद्यावरील आडव्या पट्ट्यांसाठी, ते दिसत असतानाच, स्क्रीनशॉट पेनड्राइव्हवर साठवून संगणकावर पाहावा. त्यात पट्टे नसतील तर संशय पडद्याच्या पॅनेलवर किंवा त्याला जोडणाऱ्या चपट्या रिबन केबलवर घ्यावा. असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडते आहे. तेव्हा फर्मवेअरचा विचार रास्त ठरेल, मात्र अद्ययावत करताना वीज जाता कामा नये.

प्रश्नकर्ता: पीक डिटेक्टमध्ये भरीव पट्टाच दिसला. स्क्रीनशॉट स्वच्छ आहे, त्यामुळे आता रिबन केबल तपासतो.