विषय: म्युझियमचा दिवस – आई-बाबांना न्यायचं का?

प्रेषक: कार्यक्रम समिती

सप्रेम नमस्कार,

भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी दरवर्षी आपण तळ्याकाठची पिकनिक करतो. यंदा त्याऐवजी एक रविवार इथल्या कलासंग्रहालयात, डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये, घालवावा, असा विचार आहे. ढोबळ आखणी अशी: सकाळी दहाला दारात जमायचं. मग आशियाई दालन, इजिप्त, युरोपातली जुनी चित्रं, आधुनिक कला आणि शेवटी रिव्हेरा कोर्ट, म्हणजे भित्तिचित्रांचा चौक. जेवण. दुपारी मुलांसाठी चित्रकला, मोठ्यांसाठी दालनात बसून रेखाटन, जमल्यास तिथल्याच थिएटरात सिनेमा. वेन, ओकलंड आणि मॅकोम्ब काउंटीच्या रहिवाशांना प्रवेश फुकट आहे, पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. पाहुण्यांचं तिकीट काढावं लागेल.

किती जण येणार, कळवा.

प्रेषक: नोव्हायची वहिनी

आमचे चार धरा, पण एक शंका आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "चित्रं बघून काय करायचंय? त्यापेक्षा मला कॉस्टकोत खरेदीला ने." एवढी सगळी दालनं एका दिवसात म्हणजे आपल्यालाच दम लागेल, त्यांचं काय होणार? सोलापूरचे काका गेल्या उन्हाळ्यात जाऊन आले होते ना? त्यांनाच विचारा की.

प्रेषक: काका, सोलापूर

सर्वांना नमस्कार.

मुलानं मला या यादीत घातलं आणि परत येताना नाव काढायचं राहिलं, त्यामुळं मी इथं सोलापुरात बसून तुमच्या पार्किंगच्या चर्चा वाचत असतो. आज विषय माझ्यावर आला म्हणून लिहितो. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

वहिनी, तुमच्या सासूबाईंचं काही चुकलेलं नाही. मलाही असंच नेलं होतं. पहिला तास नुसतं "चला, पुढं चला". ममी झाली, चिनी भांडी झाली, चोळांच्या काळातली पार्वतीची कांस्यमूर्ती झाली. तिला मी लांबूनच हात जोडले. ब्रॉयगेल नावाच्या जुन्या चित्रकाराचं लग्नातल्या नाचाचं चित्र मात्र आवडलं, गावच्या वरातीत असतो तस्साच दंगा. पण पाय भरून आले. मी म्हटलं, तुम्ही हिंडा, मी बसतो कुठंतरी. बसायला म्हणून ज्या चौकात शिरलो तो रिव्हेरा कोर्ट निघाला. मग मुलगा न्यायला आला तरी मी उठेना.

चारी बाजूंना कारखाना. दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा चित्रकार. त्यानं १९३२-३३ साली या भिंती रंगवल्या, लहानमोठ्या मिळून २७ चौकटी. काम ओल्या गिलाव्यावरचं. मदतनिसांनी गिलावा चढवायचा आणि तो ओला आहे तोवर यानं रंग लावायचा, वाळला की संपलं. त्याआधी फोर्डच्या मोटारींच्या रूज कारखान्यात जाऊन ढीगभर रेखाटनं केली होती. ते न सांगताही कळतं. उत्तरेच्या भिंतीवर ओढणारी-ढकलणारी माणसं आहेत, त्यांच्या कमरा बघा. पाय रोवलेले, अंग मागं टाकलेलं, सगळ्यांचा जोर एकाच दिशेला. गिरणीत साच्यावर (मागावर) सुताचं बीम चढवताना आम्ही असेच व्हायचो. चौघांनी एकदम हुंकार द्यायचा आणि ज्याचा पाय घसरला त्यानं शिव्या खायच्या. चित्रकारानं स्वतः कधी ओझं ओढलं नसेल तर तो फार वेळ बघत उभा राहिला असणार. दक्षिणेच्या भिंतीवर टोपीवाला मुकादम आहे, डोळे वटारून. असा एक जॉबर प्रत्येक खात्यात असतोच. कारखाना बघायला आलेली सुटाबुटातली मंडळीही तिथंच काढलीत. त्यांची तोंडं अशी, जणू पंगत उशिरा बसलीय.

खालच्या अंगाला करड्या रंगात बारक्या चौकटी आहेत, तिकडं कुणी बघत नाही. त्यात कामगाराचा दिवस आहे. आल्यावर हजेरीचं कार्ड टोचणं, मधल्या सुट्टीत जेवणं, सुटल्यावर पुलावरून बाहेर पडणं. मी त्याच जास्त बघितल्या. आमच्या गावात भोंगा झाला की बायका डबा भरायला घ्यायच्या, घरात घड्याळ असो नसो.

आता जे पटलं नाही ते. एक तर सगळं फार स्वच्छ. घाम आहे, पण तोंडावर काळं नाही. दुसरं मुलानं सांगितलं आणि ते जास्त लागलं. ७ मार्च १९३२ ला, म्हणजे रिव्हेरा त्या शहरात यायच्या दीडेक महिना आधी, याच रूज कारखान्यावर बेकार कामगारांचा मोर्चा गेला होता. गोळ्या घातल्या. त्या दिवशी चार जण गेले, पाचवा नंतर. भिंतीवर त्यातलं काहीही नाही. पैसे हेन्री फोर्डच्या मुलाचे, एडसेलचे, मग मोर्चा कुठून येणार? आमच्याकडं १९३० साली मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिलं. त्यांचे पुतळे भर चौकात आहेत, येता-जाता दिसतात. म्हणून मला ती गाळलेली जागा दिसली असेल. तरी जो माणूस काढला तो खरा काढला, एवढं मी मानतो.

समितीला एवढंच सांगणं: इतकी दालनं फिरवू नका. सरळ या चौकात आणा, बसवा आणि सोडून द्या. ज्यानं यंत्र चालवलंय तो यंत्र शोधेल, ज्यानं शेत केलंय तो खाली मुळं शोधेल (पूर्वेच्या भिंतीवर आहेत, आत एक बाळ निजलंय). वहिनी, सासूबाई नोकरी करायच्या का? कुठं?

– काका

प्रेषक: नोव्हायची वहिनी

काका, सासूबाई जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स होत्या. गावोगाव लसी टोचत फिरल्या आहेत. का हो?

प्रेषक: ट्रॉयकर

काकांच्या आधी मीच सांगतो, कारण हे माझं आवडतं काम. उत्तरेच्याच भिंतीवर वर उजवीकडे लसीकरणाची चौकट आहे. मधोमध बाळ, एका बाजूला नर्स, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. पुढे घोडा, बैल, मेंढ्या, म्हणजे लस आणि सीरम ज्यांच्यापासून मिळायचं ती जनावरं. मागे तीन शास्त्रज्ञ. १९३३ मध्ये हे उघडं झाल्यावर गावात गहजब झाला. येशूच्या जन्माच्या चित्राची ही टवाळी आहे म्हणून पाद्री चिडले, काहींनी तर सगळ्या भिंतींना सफेदी मारा म्हटलं. एडसेल फोर्ड मागे हटला नाही आणि तो वाद ऐकून लोकांनी रांगा लावल्या.

तेव्हा वहिनी, कॉस्टको संध्याकाळी.

आणखी एक, काकांना आवडेल म्हणून. २०१३ मध्ये डेट्रॉइट शहरानं दिवाळं काढलं तेव्हा चित्रं विकून देणी भागवा, अशी मागणी देणेकऱ्यांनी केली होती. एका पारड्यात व्हॅन गॉखसारख्यांची चित्रं, दुसऱ्यात निवृत्त फायरमन आणि सफाई कामगारांचं पेन्शन. शेवटी मोठमोठ्या न्यासांनी आणि राज्यानं पैसे घातले. चित्रं वाचली, पेन्शनला कात्री लागली पण भीती होती तेवढी नाही, आणि म्युझियम शहराच्या मालकीतून सुटून स्वतंत्र संस्थेकडे गेलं. तिन्ही काउंटींच्या लोकांनी २०१२ सालीच म्युझियमसाठी जादा मालमत्ता कर मंजूर केला होता, त्यातूनच आपला प्रवेश 'फुकट' होतो. तेव्हा फुकट म्हणू नका, आपण भरलेलं आहे.

प्रेषक: कॅन्टनची ताई, सध्या मुक्काम सोलापूर

मी माहेरी आहे. काकांचं पत्र वाचून राहवलं नाही. टॅबलेटवर त्या भिंतींचे फोटो होते, ते घेऊन काल पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेले. वडिलांच्या ओळखीचे एक विणकर आजोबा आहेत, घरी तेलुगू, बाहेर मराठी, हिशेब कन्नडमध्येही करतात. आता स्वतः साचा चालवत नाहीत, पण शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि आवाजावरून कुठला साचा थांबला ते सांगतात.

आधी नातू पुढे झाला. म्हणाला, "हे काय करलालेत बे सगळे?" आजोबा मात्र गप्प. दक्षिणेची भिंत बोटानं मोठी करकरून बघत होते. ते मोठं प्रेस, लटकणारे सांगाडे, पट्ट्यावर वाकलेली माणसं, एकेक करून. बऱ्याच वेळानं विचारलं, "सगळं दिसतंय, पण गाडी कुठाय?"

मी इतक्या वेळा तिथं गेले आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मग दोघांनी मिळून शोधली. पार मागे, पट्ट्याच्या टोकाला, नखाएवढी एक लाल गाडी आहे. अख्ख्या भिंतीवर तयार झालेली तेवढीच. आजोबा हसले. "बरोबर आहे. आमच्याकडं पण चादर घडी होऊन गठ्ठ्यात गेली की कुणी बघत नाय. बघायचं ते साच्यावर."

मग त्यांनी आतून एक जुना नक्षा आणून दाखवला. चौकटीचा कागद, त्यावर मोर, पण मोर म्हणजे नुसते रंगवलेले बारके चौकोन. त्या चौकोनांवरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची, पुठ्ठे दोऱ्यानं ओवून माळ करायची आणि ती जकार्डवर, म्हणजे साच्यावरच्या नक्षीच्या यंत्रावर चढवायची. भोक असेल तिथं तार उचलला जाणार, नसेल तिथं खालीच. मोराच्या डोळ्यापाशी खोडरबरनं कागद इतका घासलाय की पलीकडचं दिसतं. डोळा जमेना म्हणून तीनदा बदलला, असं म्हणाले.

समितीला सूचना: दुपारच्या चित्रकलेत मुलांना कोरा कागद देऊ नका, चौकटीचा द्या. चौकोन भरून एक फूल काढून बघू देत, वाकडी रेघ सरळ चौकोनांत बसवताना काय होतं ते आपोआप कळेल. मी येताना दोन-तीन जुने नक्षे आणि एक चादर घेऊन येते. चादर उलटी केली की नक्षी तीच, रंग अदलाबदल, हेही मुलांना दाखवता येईल. म्युझियमच्या दालनात नाही, तिथं पेन्सिलशिवाय काही चालत नाही. जेवणानंतर बाहेर हिरवळीवर.

प्रेषक: काका, सोलापूर

ताई, ते आजोबा मला माहीत आहेत. मी त्या भिंतीसमोर एवढा वेळ बसलो आणि गाडीचं काही डोक्यात आलं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि म्हणावं परवा येतो.

चादर नेताना धुतलेली नेऊ नका. कोऱ्या चादरीची खळ हाताला लागली पाहिजे.

प्रेषक: कार्यक्रम समिती

काका, ताई, ट्रॉयकर, आभार. आखणी बदलली आहे. सकाळी थेट रिव्हेरा कोर्ट. घडीच्या खुर्च्या आणि व्हीलचेअर मिळतील का, ते म्युझियमला विचारतो आहोत. मार्गदर्शक फक्त अर्धा तास, नंतर ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलेल. बाकीची दालनं ज्याची त्याची हौस. तरी ज्यांना बसून बघायचं आहे त्यांनी युरोपियन दालनातलं ते जेवणाचं टेबल चुकवू नये. जुन्या काळच्या फ्रेंच श्रीमंतांची पंगत टेबलावरच प्रकाशानं उमटते, ताटं येतात, रिकामी होतात, आपण शेजारी बसायचं. सिनेमा रद्द. चौकटीचे कागद ट्रॉयकर आणतील.

जेवणाचं कोण बघतंय?

प्रेषक: नोव्हायची वहिनी

मी. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. सगळं बाहेर, गाडीशी. आत डबा उघडता येत नाही हे सासूबाईंना मीच समजावते.

त्यांना लसीच्या चौकटीचा फोटो दाखवला. म्हणाल्या, "त्या नर्सनं बाळाला धरलंय ते बघ. मी असं धरत नव्हते." का, ते म्हणे तिथं गेल्यावर सांगणार. तेव्हा आमचे चार नक्की, आणि शेजारच्या दोघी विचारताहेत, त्या धरून सहा लिहा.