विद्यापीठ निवडताना कॅम्पसवरच्या वातावरणाला किती महत्त्व द्यावं?

धागाकर्ती:
लेकीला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळतोय. विषय तोच, अभ्यासक्रमही जवळपास सारखा. पहिल्याचं नाव मोठं, पण बहुतेक मुलं घरून ये-जा करतात. दुसरं तेवढं नावाजलेलं नाही, पण वसतिगृह आवारातच आहे. लेक मुलखाची अबोल. तिचे बाबा म्हणतात, शिकायला जायचंय, मैत्री काय कुठेही होते. मला ते पटत नाही, पण का, ते धड सांगता येत नाहीये. कृपया सुचवा.

प्रतिसाद १:
ताई, तुमची शंका रास्त आहे. मी बरीच वर्षं शिकवतेय. एक विद्यार्थी तास संपला तरी फळ्यावरचं उतरवून घेत वर्गातच रेंगाळायचा. वही केव्हाच पूर्ण झालेली असायची. बाहेर घोळक्यात उभं राहायला त्याला कुणी नव्हतं. गुण उत्तम होते, तरी दुसऱ्या सत्रात तो आलाच नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: अभ्यासाशी आणि तिथल्या माणसांशी नाळ जुळली नाही, की मुलं शिक्षण सोडण्याची शक्यता वाढते.

प्रतिसाद २:
अबोल मुलीसाठी मी डोळे मिटून वसतिगृह म्हणेन. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या संशोधकांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी-निवासांचा अभ्यास केला होता (१९५०). मैत्र्या सगळ्यांत जास्त जमल्या त्या शेजारच्या दारांत. जिन्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या, कारण येता-जाता गाठ पडायची. म्हणजे पुढाकार न घेणाऱ्यालाही माणसं भेटतात. संवादशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात तर साध्या मैत्रीला सुमारे ५० तास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून जास्त सहवास लागतो असं दिसलं. तास संपताच घरी निघणाऱ्या मुलीने एवढा वेळ आणायचा कुठून?

प्रतिसाद ३:
वर म्हटलंय ते मान्य, पण वसतिगृह आहे एवढ्यावर जाऊ नका. मी विद्यार्थी मंडळांची लांबलचक यादी बघून प्रवेश घेतला होता, त्यातली निम्मी कागदावरच निघाली. फार एकटं गेलं ते वर्ष. प्रवेशाच्या माहिती-दिवशी सगळीकडे उत्साहच दिसतो, त्यामुळे एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी सहानंतर जा. पायऱ्यांवर, कट्ट्यावर मुलं बसलेली आहेत का? सूचनाफलकावरच्या कागदांच्या तारखा वाचा. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा, "गेल्या रविवारी काय केलंत?" उत्तर द्यायला किती वेळ लागतो, तेही बघा. आणि खोली पहिल्याच वर्षापुरती मिळते की पुढेही, हे कार्यालयातून पक्कं करून घ्या.

धागाकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. तिच्या बाबांना जिन्याचं वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते. गुरुवारी संध्याकाळी दोन्हीकडे जातोय. रविवारचा प्रश्न आपणच विचारणार, असं लेक म्हणालीय.