प्लॉटवर बांधत बसण्यापेक्षा तयार नवं घर बरं: सोलापूरपुरतं मत

ओळंबा:
विजापूर रोड, होटगी रोडकडे घर बघणाऱ्यांपुढे एकच पेच असतो: प्लॉट घेऊन स्वतः बांधायचं, की बिल्डरच्या ठरलेल्या नकाशाचं नवं रो-हाऊस घ्यायचं? नोकरदार माणसानं तयार घरच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य मुद्दा जबाबदारीचा. रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्याच्या संरक्षणाचा कायदा) कलम 14 प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा. ठेक्यावर घेतलेला मिस्त्री शेवटचा हप्ता मिळाल्यावर पुन्हा येईल याची खात्री कोण देणार? शिवाय करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

पैशाचंही बघा. भोगवटा प्रमाणपत्र झालेल्या घरावर जीएसटी नाही. चालू कामातलं घर घेतलं तर 5 टक्के. चटईक्षेत्र 90 चौ.मी. आणि किंमत 45 लाखांच्या आत असेल तर 1 टक्का. आणि तयार घरात लगेच राहायला जाता येतं, त्यामुळे घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही एकदम अंगावर येत नाहीत.

काळी माती:
नकाशा ठरलेला असतो हो, पण जमीन? आपल्याकडे एकाच गटात एका कोपऱ्यात मुरूम 3 फुटांवर लागतो, तर दुसऱ्या कोपऱ्यात 8 फुटांपर्यंत काळी जमीन. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. सगळ्या घरांना फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) सारख्याच खोलीवर टाकलं आणि खोदलेली काळी मातीच जोत्यात भरली, की दोन-तीन उन्हाळ्यांत भिंतीलगतची फरशी खचते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात मिटते, ती भेग पायाचीच समजा. गिलाव्यात केसासारख्या बारीक भेगा असतात, त्या वेगळ्या. त्यांना घाबरू नये.

स्वतः बांधताना खड्डा मुरुमापर्यंत नेता येतो. जोत्यातली काळी माती बाहेर काढून मुरूम 6-6 इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरता येतो. वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई. तयार घरात हे सगळं फरशीखाली झाकलेलं असतं, तपासणार कसं?

ओळंबा:
पायाचा दोष त्या 5 वर्षांच्या हमीतच येतो, आणि दोन-तीन उन्हाळे त्या मुदतीत बसतात. माती परीक्षणाचा अहवाल आणि काँक्रीटच्या क्यूबचे (मजबुती तपासायच्या नमुना-ठोकळ्यांचे) 28 दिवसांचे निकाल मागा. देत नसेल तर ते घर सोडा. स्वतः बांधणाऱ्याची खरी अडचण देखरेखीची. आयएस 456 या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान 10 दिवस ओलं राहायला हवं. एप्रिलमध्ये सोलापुरात स्लॅबवर बांध घालून साठवलेलं पाणी बघता बघता आटतं. ऑफिसला गेलेला मालक दुपारी कुठून पाणी मारणार?

पाणीवाली ताई:
मातीएवढाच पाण्याचा प्रश्न आहे, तो दोघांनीही सोडला. नळाला दर काही दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात सगळ्या घरांना एकाच मापाची ठरलेली टाकी चालत नाही. माणशी 135 लिटर, 5 माणसं, 5 दिवस म्हणजे 3,375 लिटर. त्याला 6 x 5 फूट हौदात 4 फूट पाणी उभं राहायला हवं, म्हणजे हौद साडेचार फूट खोल तरी हवा. तयार घरात हौदाची मापं टेप लावून घ्या, माहितीपत्रकातला आकडा धरू नका. पार्किंगखालचा हौद नंतर वाढवता येत नाही.

दुसरं, समोरासमोरच्या ओळींत तोच नकाशा उलटा फिरवतात. मग एका ओळीची झोपायची खोली थेट पश्चिमेला. 42 अंशांचं ऊन खाल्लेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. ओळ निवडायला मिळत असेल तर हे आधी बघा.

काळी माती:
ताईंचं दोन्ही बरोबर. ओळंबा, एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीत. जमीन 500 चौ.मी.पर्यंत असेल किंवा घरं 8 पर्यंत असतील, तर प्रकल्पाला महारेराची (रेरा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणीच लागत नाही. 500 चौ.मी. म्हणजे जवळपास 5 गुंठे. सोलापुरात 4-6 रो-हाऊसचे किती प्रकल्प होतात ते बघा की. ग्राहकांचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट नोंदणीबरोबर येते. तिथे तीही नाही.

ओळंबा:
हे मान्य. छोट्या प्रकल्पात माझं मत अर्धंच लागू होतं. तिथे करारनाम्यातच 5 वर्षांची दोष-दुरुस्ती लिहून घ्यावी. मोठ्या, नोंदणी झालेल्या प्रकल्पात मात्र मी ठाम आहे. ताबा घेताना एवढं करा: नाण्यानं प्रत्येक फरशी वाजवा, पोकळ वाजली तर खाली मसाला नाही. बाथरूमच्या पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून 24 तास पाणी साठवा आणि खालच्या छताला डाग येतो का बघा. गच्चीवर बादलीभर पाणी ओता, ते पन्हाळीकडे वाहायलाच हवं.

काळी माती:
त्यात एक भर. बुकिंगआधी, काम जोत्यापर्यंत असताना, आपल्या घराच्या दोन कोपऱ्यांवर फुटिंगची खोली प्रत्यक्ष मोजून घ्या आणि भरावाचा रंग बघा. बिल्डर ते बघू देत नसेल, तर मी अजूनही प्लॉटच घ्या म्हणेन. फक्त गुंठेवारीतला (मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यांनी विकलेला) प्लॉट नियमित झालेला असल्याशिवाय विसार देऊ नका, नाहीतर बांधकाम परवाना आणि कर्ज दोन्ही अडतात.