इन्फ्रारेडवरून कच्च्या तेलाची परिपक्वता ठरवता येते का?

प्रश्न (एमएस्सी विद्यार्थिनी, कळवा)
प्रकल्पासाठी मला कच्च्या तेलाचे पाच नमुने मिळाले असून कॉलेजात एटीआर (नमुना थेट स्फटिकावर ठेवून मोजण्याची सोय) जोडलेले एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड वर्णपट घेणारे, यंत्र आहे. दोन नमुन्यांत १६०० सेमी⁻¹ जवळचा अॅरोमॅटिक (बेंझिनसारख्या कड्यांचा) पट्टा बराच उंच दिसतो. ही दोन तेले अधिक परिपक्व, म्हणजे खडकात अधिक तापून बनलेली, मानावीत का? तसेच ७२० च्या पट्ट्यावरून तेलाचे मूळ सांगता येईल का?

उत्तर १ (प्रयोगशाळेत काम करणारा, घणसोली)
आधी त्या नमुन्यांत पाणी आहे का ते पाहा. ३४०० च्या आसपास रुंद फुगवटा दिसत असेल, तर पाण्याचा १६४० चा पट्टा १६०० वर चढलेला असतो आणि पट्ट्यांचे गुणोत्तर फसवे येते. सध्याच्या पावसाळी हवेत प्रत्येक नमुन्याआधी बॅकग्राउंड (नमुन्याशिवायची मोजणी) नव्याने घ्या. तेल मेणचट असेल, तर बाटली बंद ठेवूनच कोमट करा आणि हलवा, कारण तळाशी बसलेले मेण मोजणीतून सुटले तर ७२० चा पट्टा खोटा पडतो.

उत्तर २ (भूरसायनशास्त्र शिकवते, ठाणे पश्चिम)
घणसोलीच्या सरांचे म्हणणे अगदी योग्य आहे, पण मूळ अडचण वेगळी आहे. गँझ आणि कालक्रॉइट यांनी १९८७ मध्ये मांडलेले ए आणि सी घटक, म्हणजे इन्फ्रारेड पट्ट्यांच्या तीव्रतेची गुणोत्तरे, केरोजेनसाठी (खडकातील न विरघळणाऱ्या सेंद्रिय पदार्थासाठी) आहेत. खडक तापत जातो तसतशा केरोजेनमधील अॅलिफॅटिक (कडी नसलेल्या कार्बनच्या) साखळ्या तुटून बाहेर पडतात आणि मागे अॅरोमॅटिक गाभा उरतो. त्या सुटलेल्या साखळ्यांचेच तर तेल होते, म्हणून ‘अॅरोमॅटिक जास्त म्हणजे परिपक्व’ हा केरोजेनचा नियम तेलाला जसाच्या तसा लावता येत नाही. परिपक्व तेल बहुधा हलके आणि अधिक संपृक्त असते, तेव्हा उंच १६०० चा अर्थ तुम्ही समजता त्याच्या उलटही असू शकतो.

७२० चा पट्टा लांब, सरळ साखळ्यांचा आहे. वनस्पतिजन्य मेण असलेल्या तेलात तो ठळक असतो, परंतु जिवाणूंनी सरळ साखळ्या खाल्ल्या की तो क्षीण होतो. त्या वेळी १७०० जवळ कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा गट) वाढले आहे का हे जरूर तपासा. इन्फ्रारेड अणुगट दाखवते, रेणू दाखवत नाही. मूळ ठरवायचे असेल, तर स्टेरेन, होपेन आणि प्रिस्टेन-फायटेन या मूळ सजीवांची खूण सांगणाऱ्या रेणूंसाठी जीसी-एमएस (रेणू वेगळे करून ओळखणारी चाचणी) करावेच लागेल.

प्रश्नकर्ती
दोन्ही नमुने सेंट्रिफ्यूज केले. एकाच्या तळाशी पाण्याचा थर दिसला आणि वरच्या तेलाचा १६०० चा पट्टा इतरांइतका खाली आला. दुसऱ्याचा मात्र उंचच आहे, त्याचे ७२० क्षीण असून १७०० वर खांदा (शेजारच्या पट्ट्याला चिकटलेला छोटा फुगवटा) आहे.

उत्तर २
मग त्याला परिपक्व म्हणू नका. जिवाणूंच्या विघटनाची शंका आधी घ्या आणि जीसी-एमएससाठी पहिला तोच नमुना पाठवा.